बोलाव तिले

लगाम माझ्या तोंडात घातला गेला, तेव्हा उन्हं कलली होती आणि पाहुण्यांची जेवणं झाली होती.

कोळशाच्या ट्रकांच्या मालकाचं फार्महाउस. वणीच्या पुढे, चंद्रपूरच्या रस्त्यापासून आत. समोर फरशीचं अंगण, बाजूला तबेला, तबेल्याला लागून टिनाची खोली. त्या खोलीत आम्ही राहायचो. माझा बा, माझी याडी आणि मी. याडी म्हणजे आई. आम्ही बंजारा, तांड्यावरची माणसं, आमच्या घरात गोरबोली, बंजाऱ्यांची भाषा. बा मालकाचे घोडे सांभाळायचा. मीही.

त्या दिवशी मोठमोठी माणसं आली होती. मालकाच्या पोराला काजळीचा नाच दाखवायचा होता. काजळी म्हणजे घोडी. नावासारखीच काळी. तिच्या तोंडात काटेरी लगाम होता. आतून दाते असलेलं लोखंड. दोरी ओढली की ते दाते जिभेत रुततात. तिच्या ओठांचे कोपरे फाटले होते. फेस लाल येत होता.

मी लगामाला हात घातला. म्हटलं, "आज नको, मालक. तोंड फाटलं हाय तिचं."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. पण पाहुण्यांसमोर बोलले.

मालक खुर्चीतून उठला. सावकाश आला. हसत होता.

"घोडीची लय माया येऊन राह्यली तुले? मंग तिच्या बदल्यात तू घाल."

मला थट्टा वाटली. त्यानं वस्तादाकडे पाहिलं. वस्ताद म्हणजे घोडे नाचायला शिकवणारा, मुद्दाम बाहेरून आणलेला माणूस. त्यानं मागून माझी वेणी धरली, मुठीला गुंडाळली, मान मागं ओढली. मालकानं काजळीच्या तोंडातला लगाम काढला आणि तसाच, फेसासकट, माझ्या दातांवर दाबला. मी तोंड घट्ट मिटलं. त्यानं माझं नाक दाबलं. श्वास कोंडला. तोंड उघडलं. लोखंड आत गेलं. समोरच्या दाताची कपची उडाली. ती मी गिळली.

मालकानं दोरी हातात घेतली आणि हिसका दिला.

"नाच."

पाहुणे हसले. मोबाइल वर झाले. कुणीतरी शिट्टी मारली.

मी नाचायचं नाही असं ठरवलं होतं. पण ठरवून काही होत नाही. हिसका डावीकडे आला की पाय डावीकडे पडतो. वर आला की टाचा उचलल्या जातात. जिभेतून लोखंड थोडं बाहेर यावं म्हणून सगळं अंग धावतं. ते लांबून नाचासारखं दिसतं. त्या अंगणात मला कळलं, काजळी आजवर एकदाही नाचली नव्हती.

बा तिथंच उभा होता. हात जोडून. "माफी करा, मालक. लेकरू हाय. चुकलं तिचं."

माझी चूक. माझ्या वतीनं माफी. माझ्या तोंडात लोखंड होतं, म्हणून मला 'नाही' म्हणता आलं नाही.

मन भरल्यावर मालकानं दोरी टाकली. "धुऊन ठेव," म्हणाला.

मी तो लगाम धुतला. नळाखाली, आधी तिचं रक्त, मग माझं. वेगळं काढता आलं नाही.

हा बा असा नव्हता. हे सांगितलं पाहिजे.

दिग्रसकडे आमचा तांडा. तिथं बाची वरातीची पांढरी घोडी होती. दिग्रस, दारव्हा, आजूबाजूची खेडी, लग्नसराईत त्याला फुरसत नसायची. त्या घोडीला त्यानं कधी काठी लावली नाही. चाबूक आमच्या घरात नव्हताच. मी लहान होते तेव्हा तो मला वावरात उभी करायचा. घोडी लांब चरत असायची. मी तिच्याकडे धावू लागले की बा मागून म्हणायचा, "तिनं कान देल्ला का तुले? नाही? मंग पाय नको उचलू."

मग मी थांबायची. तिच्याकडे रोखून बघायचं नाही. अंग तिरपं ठेवायचं. श्वास सोडायचा. घोडीचा एक कान माझ्याकडे वळला की एक पाऊल मागं जायचं. मागं! पुढं नाही. तेच तिचं बक्षीस. तू सांगितलंस, मला कळलं, मी मागं सरकले. असं करता करता ती स्वतः चालत यायची. बानं ओठ मिटून घशातून एक आवाज काढायला शिकवला होता, लेकराला झोपवताना बाया गुणगुणतात तसा. हूं... हूं... तो ऐकला की ती मान खाली करायची.

मग वरातीत डीजे आले. भिंतीएवढे भोंगे. घोडी थरथर कापायची. एका लग्नात बानं नवरदेवाच्या बापाला तोंडावर सांगितलं, "भोंगे बंद करा, नाहीतर घोडी घेऊन चाललो." आणि तो घोडी घेऊन निघालासुद्धा. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या बाजूनं मी चालत होते. त्यानंतर कामं तुटली. घोडी म्हातारी होऊन मेली. तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं आम्ही वणीकडे आलो. माझी बारावी झाली होती. पुढचं शिक्षण राहिलं.

काजळी आमच्या डोळ्यांसमोर आली. कोवळी, बाजारातून आणलेली. ट्रकमधून उतरवताना चार बाजूंनी दोर ओढत होते. ती फळीवरून घसरली, गुडघे फुटले, उठली आणि एकाचा खांदा निखळवला. मालक खूश झाला. "दम हाय," म्हणाला. "पोराच्या लग्नापर्यंत तयार करा."

बाला घोड्यांच्या खाण्यापिण्यातच दिवस पुरत नव्हता. म्हणून काजळी माझ्याकडे आली.

मी तिच्या कुंपणात घमेलं उपडं घालून बसायची, पाठ तिच्याकडे. काही करायची नाही. ती भिंतीला चिकटून उभी राहायची, नाक फुरफुरवायची. बरेच दिवस असंच गेलं. एका सकाळी माझ्या मानेवर गरम श्वास आला. मी हलले नाही. डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुसलं नाही.

मग हात. खांद्यावर हात ठेवायचा. तिची कातडी थरथरली की काढायचा. परत ठेवायचा. परत काढायचा. सगळं शिक्षण एवढंच आहे, माझ्या मते. ती नाही म्हणाली की हात काढायचा. तिच्या नाहीला काही किंमत आहे हे तिला कळलं पाहिजे. ज्याचं 'नाही' कुणी ऐकत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ?

पहिल्यांदा पाठीवर बसले तेव्हा खोगीर नव्हतं, लगाम नव्हता. नुसती तोंडाभोवती बांधलेली दोरीची मोरकी. उजवीकडे जायचं तर मी उजवीकडे बघायची, माझं अंग वळायचं, तिला ते पाठीवर कळायचं. थांबायचं तर श्वास सोडायचा. आम्ही कुंपणाबाहेर गेलो, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरांच्या कडेनं. लांब रस्त्यावर कोळशाचे ट्रक धूळ उडवत जात होते. तिनं कान टवकारले, माझा हात मानेवर होता, ती पुढं चालत राहिली. एवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मालकानं बघितलं. म्हणाला, "हे तं गाढवावानी चालते. वरातीत लोक काय पाहतीन?"

त्याला ऐकणारी घोडी नको होती. मान वाकलेली, डोळे पांढरे झालेली, तोंडाला फेस आलेली, पाय आपटणारी हवी होती. लोकांना दिसलं पाहिजे की एवढं मोठं जनावर आहे आणि ते आपल्या पोराच्या मुठीत आहे.

म्हणून वस्ताद आला.

वस्तादाची रीत सांगते. पुढचा एक पाय दुमडून बांधायचा. तीन पायांवर घोडी किती वेळ उभी राहणार? पडली की डोक्यावर बसायचं. उठू द्यायचं नाही. मग उठवायची आणि मागच्या पायांवर बांबूच्या कामटीनं मारायचं, थाळीच्या तालावर. पुढं थाळी वाजली की मार आठवून पाय आपोआप उचलले जातात. लोक टाळ्या वाजवतात. वस्ताद म्हणायचा, "तिच्या भल्यासाठीच मारतो. शिकली तं राणीसारखी राहीन."

पहिल्या दिवसानंतर काजळी कुणाला जवळ येऊ देईना. वस्तादाला नाही, मालकाच्या पोराला नाही. दात विचकायची. मागचे पाय झाडायची.

मालक मला म्हणायचा, "बोलाव तिले."

मी बोलवायची. हूं... हूं... ती यायची. माझ्या छातीवर कपाळ टेकवायची. मी मोरकी चढवायची. वस्ताद माझ्या हातातून दोरी घ्यायचा.

रोज.

लगामाच्या त्या दुपारनंतर याडीनं मिठाच्या पाण्यानं माझं तोंड धुतलं. जीभ सुजली होती, गिळता येत नव्हतं. ती रडत नव्हती. हातातल्या काडीनं, चूल उकरावी तशी, जमीन उकरत बसली होती.

व्हिडिओ वणीभर फिरला. किराणा आणायला गेले तर दुकानातला पोरगा आतल्याला म्हणाला, "नाचणारी आली." साखर मागायची होती. तोंड उघडलं नाही. परत आले.

बाला म्हटलं, आपण जाऊ.

बा म्हणाला, "कुठं जातं? जग असंच हाय. मुकाट्यानं ऱ्हाय, बाई."

हे बोलताना बाहेर मालकाची गाडी वाजली आणि बाचे खांदे आत गेले. मान खाली झाली. गाडी नुसती फाटकातून आत आली होती, कुणी काही बोललंही नव्हतं. तो थरकाप मला ओळखीचा होता. थाळी वाजल्यावर काजळीचा असा व्हायचा. भोंगे बंद करा म्हणणारा माझा बा. कुणी, कधी, किती वेळा त्याचा पाय दुमडून बांधला, मला कळलंच नव्हतं. तो मार दिसणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा, "बोलाव तिले."

मी सुजलेल्या तोंडानं हूं केलं. काजळी आली. फाटलेल्या ओठांनी माझा खांदा हुंगला. कपाळ टेकवलं. वस्तादानं दोरी घेतली. तेव्हा मला माझं काम दिसलं. लख्ख दिसलं. मी तिला शिकवलं होतं की माणसाजवळ गेलं तरी चालतं. आणि त्या एका गोष्टीच्या जोरावर ते तिला रोज पकडत होते. वस्ताद मारायचा. पण मारायला हातात आणून मी द्यायची. माझी माया हा त्यांचा दोर होता.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत.

सकाळ होती. काजळीचा पाय बांधला होता. छोटा मालक, म्हणजे त्याचं लग्न होतं तो पोरगा, स्वतः कामटी घेऊन आला. त्याला शिकायचं होतं. वस्ताद तालावर मारायचा, हा नुसताच मारत सुटला. पायांवर, पोटावर, तोंडावर. डोळ्याच्या वर कातडी फाटली. काजळीनं शेपूट आपटली. कान मागं पाडले. मागचा पाय उचलून धरला. घोडं असं सांगून मारतं. तिनं आधी सांगितलं. त्याला त्यातलं एकही अक्षर कळलं नाही. दोर तुटला. लाथ त्याच्या मांडीवर बसली. मी तबेल्याच्या दारातून बघत होते, हाड मोडल्याचा आवाज तिथवर आला.

ती कुंपणाच्या तारेवरून गेली. पोटाला तार लागली. पलीकडच्या वावरात, वेचून झालेल्या पऱ्हाटीत जाऊन उभी राहिली. धापा टाकत. आमच्याकडे बघत.

पोराला गाडीत घालून नेलं. माणसं दोर घेऊन धावली. ती लांब जायची, थांबायची. कुणाच्याच हाती येईना. मालक लाल झाला होता. एका हातात कातडी पट्टा, खोगिराचा. माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बोलाव तिले."

मला माहीत होतं, ती आली तर आज तिला जिवंत ठेवणार नाहीत.

मी म्हटलं, "नाही."

त्यानं ऐकलंच नाही बहुतेक. परत म्हणाला. मी परत म्हटलं, "नाही बोलावत."

पट्टा कानावर बसला. कान बधिर झाला, एका बाजूचं जग बंद पडलं. दुसरा मानेवर. तिसऱ्याला मी गुडघ्यांवर आले. तो प्रत्येक वेळी तेच म्हणायचा आणि मी प्रत्येक वेळी तेच. कुणीतरी म्हणालं, "अवं बाई, बोलाव ना, जीव जाईन तुहा." मला हसू आल्यासारखं झालं. आयुष्यात मी इतकं कमी बोलून इतकं सगळं कधी सांगितलं नव्हतं. एकच शब्द. तो माझा होता. तो काढायला त्यांच्याकडे लगाम नव्हता.

दमून मालक थांबला. मग माझ्या बाच्याकडे वळला.

"तू बोलाव."

बानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीवर होते. एका डोळ्यात रक्त उतरलं होतं. मी मान हलवली. नको. बा, नको.

बानं ओठ मिटले.

हूं... हूं...

तोच आवाज. वावरात मला शिकवलेला. काजळीचे कान उभे राहिले. दोन्ही. ती वळली. मान खाली घालून चालत येऊ लागली, लंगडत, पऱ्हाटीच्या वाळल्या काड्या मोडत. वस्ताद दोराचा फास मागं लपवून उभा होता.

मी उठले. कशी उठले माहीत नाही. तारेखालून घुसले आणि धोंडा उचलला.

पहिला तिच्या पायापाशी पडला. ती थांबली. कान माझ्याकडे केला. दुसरा छातीवर बसला. ती दचकली, पण गेली नाही. मला ओळखत होती ना. उभी राहून बघत होती. तिसरा मी तोंडावर मारला. जखमेवर. नेम धरून.

तिच्या डोळ्यात जे दिसलं ते मी सांगणार नाही.

ती फिरली आणि पळाली. वावरामागून वावर, नाल्याच्या पलीकडे, झाडीत. धूळ बसली तेव्हा काहीच नव्हतं.

प्रेमापोटी मारलं, असं मी म्हणत नाही. वस्तादही तेच म्हणायचा. मारणं ते मारणंच. मी तिला मारलं आणि ती सुटली, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही.

मग त्यांनी मला धरलं. वस्ताद होता, आणखी दोघं होते. गळ्याखालचं, हासळीचं हाड तेव्हा मोडलं. अजून तो हात खांद्याच्या वर जात नाही. मला संपवलंच असतं. पण याडी आली. लीद ओढायचं फावडं घेऊन. माझ्या अंगावर एक पाय अलीकडे, एक पलीकडे टाकून उभी राहिली. लुगड्याचा काष्टा खोचलेला. त्या बाईला मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. तेव्हाही मोठ्यानं बोलली नाही.

"आता लावा हात."

कुणी लावला नाही.

बा बाजूला उभा होता. त्याचे हात जोडलेलेच होते. कुणासमोर, त्यालाही माहीत नसावं.

काजळी सापडली नाही. कुणी म्हणतं नदीपलीकडे दिसली, कुणी म्हणतं एका गोंड पाड्यावर कुणी बांधून घेतली. मी शोधायला गेले नाही. मी गेले असते तर ती आली असती. आणि माझ्या मागावर माणसं होती.

आता आम्ही तांड्यावर आहोत. मी तक्रार केली. ठाण्यात आधी घेत नव्हते. याडी आणि मी दाराशी बसून राहिलो, उठलो नाही, तेव्हा घेतली. मालकानंही माझ्यावर केली आहे, घोडी पळवल्याची. दोन्ही चालू आहेत. दरम्यान लोक आपापले घोडे माझ्याकडे घेऊन येतात. बुजलेले, चावरे, मोडलेले. मी एकच अट घालते. घोडा परत नेल्यावर मी कधीही, न सांगता, त्याला बघायला येईन. ज्याला पटत नाही तो घोडा घेऊन जातो. जाऊ दे. मी तयार करून मार खायला आता एकही जनावर देणार नाही.

मागच्या महिन्यात नायकाच्या ओसरीवर बैठक बसली. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. मालकाकडून दोन माणसं आली होती, केस मिटवायला. त्यातला एक फार गोड बोलत होता.

"तू तं जनावराले बी मायेनं समजून घेतं म्हन्तात. मंग माणसाले काहून नाही? झालं गेलं सोड. प्रेमानं घे."

सगळे माझ्याकडे बघत होते. बा कोपऱ्यात होता. तो हळूच म्हणाला, "बस कर आता, छोरी."

मी म्हटलं, "घोडी भेलेली होती, म्हणून मी तिच्याशी हळू बोलली. तुमचा मालक भेलेला नाही. त्याले भेव समजावून सांगाची गरज नाही, भेव दाखवाचं बंद कराची गरज हाय. केस मांगं घेत नाही."

"इचार कर."

"केला."

ती माणसं गेली. बा उठून घरात गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी त्याला बोलवत नाही. त्याच्या कुंपणात पाठ करून बसायची माझी तयारी आहे, लागेल तितका काळ. पण त्याच्यासाठी मागं सरकणार नाही.

तारीख जवळ आली आहे. यवतमाळच्या वकीलबाईंनी मला सांगितलं, कोर्टात नीट, मानानं बोलायचं. मी मानानंच बोलणार आहे. हे सगळं सांगताना मी त्याला मालक म्हटलं, कारण तेव्हा तोंडात तेच होतं. बाच्या तोंडात आहे. तांड्याच्या तोंडात आहे.

कोर्टात मी त्याला मालक म्हणणार नाही. बोट दाखवीन आणि त्याचं नाव घेईन. नुसतं नाव. शेवटी जी नाही, साहेब नाही. बा आला तर त्याच्यासमोर. नाही आला तर त्याच्याशिवाय.